रक्ताची गुठळी आणि तिच्यात शिरणारे औषध

प्रत्येक स्मरणिकेत श्रद्धांजलीचे एक पान असते. या अंकासाठी ते पान तयार होत असता आम्ही शिक्षकांनी नावांची यादी वाचली, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा दृष्टीस पडले: ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने अकाली निधन.’ यांतील कित्येकांनी साठीही गाठली नव्हती. आपल्या वसतिगृहातून प्रथम बाहेर पडलेली मुले आज आजोबा-आजी झाली आहेत, आणि त्यांचे आईवडील तर त्याहून थकलेले. म्हणून या लेखासाठी आम्ही संस्थेच्या वाटचालीचा विषय न निवडता रक्ताच्या गुठळीचा निवडला. आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकवणे हा आमचा व्यवसाय. परंतु गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा इतिहास वाचला की त्यांचे कार्यही उलगडते, आणि ‘लवकर आणले असते तर’ या डॉक्टरांच्या उद्गारामागे कोणते शास्त्र आहे तेही कळते.

जखम झाली की रक्त साकळते. ही शरीराची अत्यंत मोलाची व्यवस्था आहे. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत सतत वाहत असते. रक्तवाहिनीला इजा होताच एकामागून एक विकरे जागी होतात, आणि साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन नावाचे विकर फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे छाटून त्याचे फायब्रिनमध्ये रूपांतर करते. फायब्रिनचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचे जाळे होते. या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात, प्लेटलेट्स चिकटतात, आणि गुठळी तयार होते. घनतेने पाहिले तर जाळ्यातील फायब्रिन अगदी थोडे असते. पण संपूर्ण गुठळीला उभे धरणारा सांगाडा तोच. घर पाडायचे तर खांब तोडावे लागतात, तसे गुठळी विरघळवायची तर फायब्रिनचे धागे तोडावे लागतात.

हीच व्यवस्था भलत्या जागी कामाला लागली की घात होतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एके दिवशी तो थर फाटतो. शरीराला ती जखमच वाटते, आणि तेथे गुठळी धरते. रोहिणी पूर्ण बंद होते आणि तिच्यापुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो.

आज हे सर्व स्वयंसिद्ध वाटते. परंतु १९७० च्या दशकापर्यंत यावर मोठा वाद होता. गुठळीमुळे झटका येतो, की झटका आल्यानंतर मेलेल्या भागात गुठळी धरते? शवविच्छेदन करणारे अनेक तज्ज्ञ दुसऱ्या बाजूचे होते. कारण आणि परिणाम यांची अशी उलटापालट इतिहासातही वारंवार होते, म्हणून हा वाद आम्हांला विशेष रोचक वाटला. तो मिटवला अमेरिकेतील स्पोकेन या गावच्या डॉ. मार्कस डीवुड यांनी. झटका आल्यावर पहिल्या चार तासांत त्यांच्या गटाने रुग्णांच्या हृदयाच्या रोहिण्यांची रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेतली. १९८० साली त्यांनी दाखवून दिले की १२६ पैकी ११० रुग्णांची रोहिणी पूर्णपणे बंद होती. उशिरा तपासलेल्या रुग्णांत हे प्रमाण कमी भरले, कारण दरम्यान शरीर स्वतःच काही गुठळ्या विरघळवते. गुठळी हेच कारण, हे ठरले. आणि ती विरघळवण्याचा प्रयत्न करण्यास सबळ आधार मिळाला.

विरघळवणारे द्रव्य मात्र त्याआधीच जवळजवळ अर्ध्या शतकापासून हाताशी होते. १९३३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम टिलेट हे घशाला व जखमांना बाधणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंचा अभ्यास करीत होते. जीवाणूंसह साकळलेले मानवी रक्तद्रव काही वेळाने पुन्हा पातळ झालेले त्यांना आढळले. जीवाणूंच्या अंगातून काहीतरी बाहेर पडून गुठळी मोडत होते. पुढे १९४० च्या दशकात उलगडा झाला की हे द्रव्य स्वतः गुठळी कापतच नाही. ते माणसाच्या रक्तातीलच एका निद्रिस्त प्रथिनाला जागे करते. त्या प्रथिनाला प्लाझ्मिनोजेन आणि जीवाणूंच्या द्रव्याला स्ट्रेप्टोकायनेज अशी नावे मिळाली. टिलेट आणि त्यांचे सहकारी सोल शेरी यांनी १९४९ साली ते छातीच्या पोकळीत साचून घट्ट झालेले रक्त व पू पातळ करण्यासाठी वापरले. माणसाला आजारी पाडणाऱ्या जीवाणूंपासून माणूस वाचवणारे औषध निघाले, हा या इतिहासातील एक गमतीदार भाग.

प्लाझ्मिनोजेन यकृतात तयार होते आणि सर्वांच्या रक्तात सदैव असते. जागे झाले की त्याचे प्लाझ्मिन होते, आणि प्लाझ्मिन म्हणजे फायब्रिनचे धागे कापणारी कात्री. शरीर स्वतः ही कात्री उघडण्यासाठी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून एक द्रव्य सोडते. त्याचे लांबलचक नाव टिश्यू प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर. वैद्यकात त्याला टीपीए म्हणतात. आपल्या अंगात लहानसहान गुठळ्या धरतात आणि मोडतात, ते आपल्याला कळतही नाही. औषध म्हणून आपण बाहेरून देतो ते याच नैसर्गिक कामाला दिलेले मोठे बळ होय. म्हणजे शिरेतून दिलेले औषध गुठळीला ॲसिडसारखे जाळत नाही. ते गुठळीत आणि गुठळीभोवती आधीच असलेल्या प्लाझ्मिनोजेनला कामाला लावते.

येथे या लेखाचा मुख्य प्रश्न येतो. औषध हाताच्या शिरेत टोचले; गुठळी हृदयात किंवा मेंदूत आहे. ते तिथवर पोहोचते कसे आणि आत शिरते कसे?

आपल्यापैकी बहुतेकांनी शेतात बारे दिले आहेत किंवा आईवडिलांना देताना पाहिले आहे. पाटातून पाणी सऱ्यांत सोडले, आणि एका सरीच्या तोंडाशी पालापाचोळा व माती यांचा बोळा अडकला, तर काय होते? पाणी त्या सरीत जातच नाही. ते शेजारच्या मोकळ्या सरीकडे वळते. पाटात खत विरघळवून सोडले तर तेही मोकळ्या सरीलाच मिळते. तुंबलेल्या सरीच्या तोंडाशी फक्त थोडेसे पाझरते. पूर्ण बंद झालेल्या रोहिणीची स्थिती नेमकी हीच. वाहते रक्त, आणि त्याबरोबर औषध, बाजूच्या फांद्यांकडे निघून जाते. बोळ्याच्या तोंडाशी रक्त साचून राहते, आणि औषधाला उरलेले अंतर रेणूरेणूने, अत्यंत सावकाश पार करावे लागते. याउलट गुठळीच्या एका बाजूला रक्तदाब असून ती थोडीशी जरी झिरपती असेल, तर दाबाने द्रव तिच्यात ढकलला जातो आणि औषध आत खोलवर पसरते. प्रयोगशाळेत हा फरक स्पष्ट दिसला आहे: औषध नुसते मुरू दिले तर गुठळी सावकाश विरघळते, आणि दाबाने आत झिरपवले तर कितीतरी पटींनी जलद.

दुसरी अडचण औषधाच्या स्वभावातच आहे. टीपीए फायब्रिनला घट्ट चिकटते. हा त्याचा मोठा गुण, कारण ते मुख्यतः गुठळीवरच काम करते आणि उर्वरित रक्ताला तुलनेने कमी त्रास देते. फायब्रिनवर टीपीए आणि प्लाझ्मिनोजेन दोन्ही शेजारी बसले की प्लाझ्मिन तयार होण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. शिवाय प्लाझ्मिनने धागा कापला की कापलेल्या टोकाशी लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची नवी टोके उघडी पडतात, आणि नवे प्लाझ्मिनोजेन नेमके तेथे येऊन चिकटते. एक घाव दुसऱ्या घावासाठी जागा करतो. पण याच गुणाची एक किंमत आहे. घट्ट चिकटणारे औषध पहिल्या धाग्यांनाच चिकटून बसते. ते आत जात नाही. त्यामुळे विरघळण्याची क्रिया पृष्ठभागावरील एका पातळ पट्ट्यात चालते, आणि हा पट्टा जसजसा पुढचे धागे मोकळे करतो तसतसा आत सरकतो. गुळाची अख्खी ढेप पाण्यात टाकली तर ती बाहेरून आत झिजत जाते. फोडून टाकली तर लगेच विरघळते. गुठळी ही अख्खी ढेप असते. फरक एवढाच की एकेक धागा बाहेरून झिजून बारीक होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते की प्लाझ्मिन तो आडवा कापते, आणि दोन्ही बाजूंना तुटलेला धागा जाळ्यातून सुटून वाहून जातो.

या वाहून जाणाऱ्या तुकड्यांपैकी एकाची रक्ततपासणी वाचकांपैकी अनेकांनी कोविडच्या काळात केली असेल. ‘डी-डायमर’ तो हाच. त्याचे प्रमाण वाढले म्हणजे शरीरात कोठेतरी फायब्रिन तयार होऊन मोडले जात आहे, एवढे समजते.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची: गुठळी स्थिर राहत नाही, ती जून होत जाते. ताजी गुठळी मऊ, झिरपती आणि फायब्रिनच्या कच्च्या गाठींनी बांधलेली असते. मग घटक तेरा नावाचे विकर धाग्याधाग्यांत पक्के टाके घालते. हेच विकर प्लाझ्मिनला निष्प्रभ करणारे एक प्रथिनही धाग्यांशी शिवून टाकते, म्हणजे गुठळीच्या आत कात्रीचा शत्रूही दबा धरून बसतो. दरम्यान प्लेटलेट्स धागे ओढून धरतात आणि गुठळी आवळली जाते. मधला द्रव पिळून निघतो. तांबड्या पेशी एकमेकींवर इतक्या दाबल्या जातात की त्यांचा गोल आकार जाऊन त्या कोन पडलेल्या विटांसारख्या बसतात. झिरपण्याची वाटच उरत नाही. प्लेटलेट्समधून टीपीएला थोपवणारे द्रव्यही सुटते. पहिल्या तासात ज्या औषधाने गुठळी सहज मोडली असती, त्याच औषधाच्या त्याच मात्रेला सहाव्या तासात ती दाद देत नाही. इकडे स्नायूही मरत असतो. म्हणजे दोन घड्याळे एकाच वेळी विरुद्ध चालू असतात.

हे केवळ तर्क नव्हेत. १९८६ साली इटलीतील ‘गिसी’ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १७६ हृदयरोग कक्ष आणि ११ हजारांहून अधिक रुग्ण असलेला हा प्रचंड प्रयोग होता. निम्म्यांना स्ट्रेप्टोकायनेज दिले, निम्म्यांना नाही. २१ दिवसांत औषध न मिळालेल्यांपैकी १३ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के. परंतु आमच्या मते खरा धडा त्यापुढच्या आकड्यात आहे: लक्षणे सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, आणि सहा तासांनंतर औषधाचा ठळक लाभ दिसला नाही. औषध तेच, मात्रा तीच. अंतर फक्त वेळेचे. दोन वर्षांनी ‘आयसिस-२’ या अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. त्यात स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन ही दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतील मृत्यू ८ टक्के, आणि दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के आढळले. ॲस्पिरिन गुठळी विरघळवत नाही. ती प्लेटलेट्सना नवे थर चढवू देत नाही. कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या स्वस्त गोळीचे हे बळ पाहून त्या काळी अनेक तज्ज्ञही चकित झाले.

टीपीए औषध म्हणून मुबलक करणे हे १९८० च्या दशकातील जनुकतंत्राचे काम. पेशींमध्ये मानवी जनुक घालून ते बनवले गेले आणि १९८७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्तात ते काही मिनिटांतच निकामी होत असल्याने सलाइनमधून थेंबथेंब द्यावे लागते. पुढे त्याच्या रचनेत तीन ठिकाणी बदल करून टेनेक्टेप्लेस बनवले. ते अधिक काळ टिकते, थोपवणाऱ्या द्रव्याला दाद देत नाही आणि एकाच इंजेक्शनात देता येते. लहान गावच्या रुग्णालयासाठी ही सोय फार मोठी. आपल्या देशातही हे काम झाले आहे. चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी यांच्या गटाने स्ट्रेप्टोकायनेज देशातच बनवण्याचे तंत्र उभे केले, आणि पुण्याची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स टेनेक्टेप्लेस तयार करते.

पक्षाघाताबाबत मात्र एक मोठा पेच आहे. मेंदूची रोहिणी गुठळीने बंद झाली तर हे औषध तारक. पण रोहिणी फुटून रक्तस्राव झाला असेल तर तेच मारक. बाहेरून दोन्हींत तोंड वाकडेच होते, हात लुळाच पडतो, बोलणे अडखळतेच. म्हणून सीटी स्कॅन झाल्याशिवाय हे औषध देता येत नाही. १९९५ साली अमेरिकेतील ६२४ रुग्णांच्या अभ्यासातून तीन तासांच्या आत दिलेल्या टीपीएचा लाभ सिद्ध झाला, आणि २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. त्या १९९५ च्या अभ्यासात औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत ०.६ टक्के. कात्री जखमेवरची उपयोगी गुठळीही कापते. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर डॉक्टर म्हणूनच नकार देतात. तो हलगर्जीपणा समजू नये. मेंदूच्या मोठ्या रोहिणीतील गुठळी ८ मिलिमीटरहून लांब असेल तर शिरेतून दिलेले औषध तिला क्वचितच पुरते मोडते. अशा वेळी जांघेतून बारीक नळी नेऊन ती ओढून काढतात, पण ती सोय मोठ्या शहरांपुरतीच.

आता आपल्या लोकांशी सर्वांत निकटचा भाग. २००१ ते २००५ या काळात भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत, हृदयविकाराच्या तीव्र त्रासाने दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवली गेली. ‘क्रिएट’ नावाचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्य कालावधी ३६० मिनिटे होता. सहा तास! रुग्णालयात पोहोचल्यावर औषध सुरू होण्यास ५० मिनिटे. म्हणजे विलंबाचा फार मोठा भाग घर, रस्ता आणि पैशाची जुळवाजुळव यांत गेला. गुठळी विरघळवणारे औषध सधन रुग्णांपैकी ६०.६ टक्क्यांना मिळाले, गरीब रुग्णांपैकी ५२.३ टक्क्यांना. तीस दिवसांतील मृत्यू सधनांत ५.५ टक्के, गरिबांत ८.२ टक्के. आणि उपचारांतील फरक हिशेबात धरला तेव्हा मृत्यूतील ही तफावत नाहीशी झाली. गरिबाचे हृदय निराळे नसते. त्याची गुठळीही त्याच फायब्रिनची. त्याला उपचार कमी मिळाला म्हणून तो अधिक मेला, असे हे आकडे सांगतात. आणि इतिहासाच्या शिक्षकाला याहून अधिक बोलका दस्तऐवज क्वचितच मिळतो.

छातीत आवळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ. यांना आपल्याकडे ‘पित्त झाले’, ‘गॅस धरला’ म्हणून सोडा पाजून झोपवतात. मधुमेही व्यक्तीला व अनेक स्त्रियांना तर ठळक दुखतही नाही; नुसता थकवा व श्वास लागतो. पक्षाघात झालेल्याला ‘लकव्याचे औषध’ देणाऱ्या गावी नेण्यात अख्खा दिवस घालवलेली कुटुंबे आमच्या परिचयाची आहेत. साडेचार तास तिथेच संपतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य येते. छातीत दुखणाऱ्याला प्रथम जेथे ईसीजी निघेल तेथे, आणि तोंड वाकडे झालेल्याला जेथे सीटी स्कॅन आहे तेथे न्यावे. मोठ्या शहराचे नामांकित रुग्णालय गाठण्यासाठी जवळचे ओलांडून जाण्याआधी तेथील डॉक्टरांना विचारावे की इंजेक्शन येथेच मिळेल काय.

दोन गोष्टी घरातील कोणीही करू शकतो. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवावे. झोपेतून उठताना पक्षाघात दिसला तर रुग्ण शेवटी धडधाकट केव्हा दिसला होता ती वेळ सांगावी, कारण डॉक्टर तेथूनच तास मोजतात. आणि पूर्वी कधी स्ट्रेप्टोकायनेज दिले गेले असेल तर त्याची चिठ्ठी जपून ठेवावी. ते जीवाणूंचे प्रथिन असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि दुसऱ्यांदा ते दिले तर निष्प्रभ ठरण्याचा किंवा त्रास होण्याचा धोका असतो. ती चिठ्ठी समोर असली तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात.